सुई कसली होती?

आमच्या फुलसावंगीत गोळीला फारसा मान नाही. मान आहे तो सुईला. कापूस वेचून कंबर धरली, सोयाबीन सोंगून गुडघे सुजले की बाया म्हणतात, "एक सुई मारून घेते, उद्या कामाला लागते." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ती बाई शेतात दिसते. मग सुई देणाऱ्याची डिग्री कोण विचारणार?

झटपट आराम देणाऱ्या अशा सुईत अनेकदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असतं. ते सूज आणि दुखणं दाबतं, झीज भरून काढत नाही.

आमच्या खालाने दोन वर्षं अशा सुया घेतल्या, चार-आठ दिवसांनी एक, वर पुडीतल्या गोळ्या. आधी दुखणं गेलं, मग भूक वाढली, चेहरा भरला. लग्नात बायका म्हणायच्या, "माशाअल्लाह, सेहत बनली!" पण हातपाय काड्यांसारखे होत होते आणि बांगडी लागली तरी काळानिळा डाग उठत होता. पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी ती परगावी गेली. तिथे ना सुईवाला, ना पुड्या. आठवड्यातच उलट्या, चक्कर, बीपी इतकं खाली की उठवेना. नांदेडला नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "सुई कसली होती?" कागद नव्हता, बाटली नव्हती. खाला एवढंच सांगू शकली, "पाण्यासारखी होती."

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात. आजारपणात, धक्क्यात शरीर त्याच्या बळावर टिकतं. बाहेरून स्टेरॉईड येत राहिलं की या ग्रंथी काम सोडून देतात. मग औषध एकाएकी थांबलं तर शरीराकडे ना स्वतःचं, ना बाहेरचं. म्हणून काही आठवडे सलग घेतलेलं स्टेरॉईड आपल्या मनाने बंद करायचं नसतं, डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवतात. आणि गंमत पाहा, खालाला वाचवलं तेही शिरेतून दिलेल्या स्टेरॉईडनेच.

म्हणजे औषध वाईट नाही. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये त्यांना आणखी दोन संशोधकांसह नोबेल मिळालं. दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. कोरोनात तेच झालं. ऑक्सिजन लागलेल्यांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्याने जीव वाचले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. पण 2021 च्या लाटेत ते सरसकट वापरलं गेलं आणि आपल्या महाराष्ट्रात काळ्या बुरशीने कितीतरी लोकांचे डोळे, जबडे गेले. त्यांत साखरेचे रुग्ण फार होते.

आमच्या अम्मीलाही साखर आहे. खुर्चीवर बसून नमाज पढणं तिच्या जिवावर येतं. जमिनीवर सजदा करायचा, एवढीच तिची हौस. पुसदच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शन सुचवलं तेव्हा खालाचं पाहिलेलं असल्याने घरात सगळे घाबरले. पण ही सुई वेगळी. ती सांध्यातच देतात, त्याआधी ताप किंवा जखम नाही ना, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारतात. डॉक्टरांनी साखर तपासली आणि सांगितलं, पुढचे काही दिवस ती वाढेल, रोज बघा. पहिले एक-दोन दिवस गुडघा थोडा जास्त दुखू शकतो, त्याला आराम द्या. पण तो लाल-गरम झाला, ताप आला तर थांबू नका, लगेच या. दोन इंजेक्शनांत निदान तीन महिने जाऊ द्या. गुडघा बदलायचं ठरलं तर त्याआधीच्या तीन महिन्यांत ही सुई नको, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हे सगळं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, औषधाच्या नावासकट.

अम्मीची साखर पाच दिवस चढलेली होती, मग उतरली. सजदा आता होतो, किती महिने होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

घरी आता एक वही आहे. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, कुठे टोचली, सगळं भाभी लिहून ठेवते. शेजारच्या बाया आधी हसल्या. आता त्यांतल्या दोघी-तिघी सुईची रिकामी बाटली पदरात बांधून आणतात आणि भाभीकडून नाव वाचून घेतात.

खालाची गोळी अजून चालू आहे, हळूहळू कमी होतेय. रमजान जवळ आला तसा तिने विचारलं, "रोज्यात बंद केली तर?" आम्ही तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलंय. रोजे झेपतील की नाही, ते त्यानंतर ठरेल. तोवर गोळी एकही दिवस चुकवायची नाही.