वाडीतले चौदा बिंदू

मोबाइलमधील नकाशावर एकदा आपले गाव उघडून पाहा. शाळा, बँक, देऊळ दिसेल. ज्या पारावर आपले वडील बसत, तो पार बहुधा दिसणार नाही. सर्वांच्या उपयोगाचे तेवढे नकाशा दाखवतो. उरलेले आपले आपण नोंदवायचे असते.

माझे गाव दिवेआगर, श्रीवर्धन तालुक्यातले. नकाशावर तेथे समुद्रकिनारा आहे, सुवर्णगणेशाचे मंदिर आहे. आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीच्या जागी नुसता हिरवा रंग आहे. 2019च्या दिवाळीत वडिलांना घेऊन मी त्या हिरव्या रंगात शिरलो. 'ऑस्मअँड' हे ॲप इंटरनेटविनाही नकाशा दाखवते. हव्या त्या जागी बोट दाबून धरले की त्या जागेचे अक्षांश-रेखांश जतन करता येतात; तिला आपल्या पसंतीचे नाव, रंग व चिन्ह देता येते. वडील सांगत गेले, मी नोंदवत गेलो : रहाटाची विहीर, खारा कोपरा, आजीचा माड, गडग्याची खिंड. एकूण 14 बिंदू झाले. "ही काय सातबाऱ्यावर चढायची नावे आहेत?" वडील हसून म्हणाले.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. काही दिवसांनी मी गावी पोहोचलो, तेव्हा वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. आडव्या पडलेल्या पोफळींखाली पाट, पायवाट, गडगा सारे बुजले होते. "आपली वाडी सुरू कुठून होते रे?" वडिलांनी विचारले. जे डोळे मिटून विहिरीपाशी जात, त्यांचा तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

मी नकाशा उघडला. चौदाही बिंदू जागेवर होते. 'आजीचा माड' या बिंदूपाशी मोडलेला बुंधा सापडला. तेथून विहिरीच्या बिंदूवर गेलो, तर तेथे विहीरच नव्हती! दाट झाडीखाली उपग्रहांचे संकेत अडतात. नोंदवतानाच तो बिंदू काही मीटर चुकला होता. वडील माघारी वळले, बुंध्याला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "इथून दक्षिणेला वीस पावले." विसाव्या पावलाला झावळ्यांखाली विहिरीचा दगडी काठ लागला.

आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांत दिवेआगरचा ताम्रपट गणला जातो. तो शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा. जे विसरले जाऊ नये असे वाटले, ते तेव्हाच्या माणसांनी तांब्यावर कोरले. माझी नोंद मात्र एका मोबाइलमध्ये होती. तो हरवता तर चौदाही नावे गेली असती. म्हणून त्या बिंदूंची जीपीएक्स फाइल काढून मी बहिणीकडे पाठवली. शिवाय वहीत प्रत्येक नावापुढे वडिलांचे स्पष्टीकरण लिहिले. खारा कोपरा का? तर तेथे लावलेले रोप खाऱ्या पाण्याने जळते. हे अक्षांश-रेखांशांवरून कोणाला कळणार?

वाडीत आता पोफळीची नवी रोपे आहेत. विहिरीचा बिंदू मी वडिलांच्या पावलांप्रमाणे सरकवला आहे. 'आजीचा माड' मात्र पुसलेला नाही.

आपणही घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीबरोबर शिवारातून एकदा फिरून या. बिंदू आपण नोंदवा. नाव मात्र त्यांनाच सांगू द्या.