प्रकाशाची लेकरे

पुनरुत्थानाच्या जागरण विधीत मंदिरातील सारे दिवे मालवलेले असतात. बाहेर नव्या अग्नीवर पास्काची मेणबत्ती पेटवली जाते. तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही अक्षरे व त्या वर्षाचे अंक कोरलेले असतात. ह्या अंकांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ख्रिस्ताचा प्रकाश एखाद्या गतकाळासाठी नसून याच वर्षाच्या आपल्या व्यवहारांसाठी आहे, हेच ते सांगत असतात. कित्येक शतके हा विधी पवित्र शनिवारी सकाळीच उरकला जाई. भर उजेडात ज्योतीला अर्थ तो काय उरणार? पोप बारावे पायस ह्यांनी १९५१ साली तो पुन्हा रात्रीकडे नेला. अंधार ओळखल्याखेरीज प्रकाशाचे मोल कळत नाही.

दुसऱ्या शतकात संत जस्टिन ह्यांनी स्नानसंस्काराला ‘प्रकाशन’ असे म्हटल्याची नोंद केली आहे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातही श्रद्धावंतांना प्रकाशाची लेकरे म्हणून वागण्याचा उपदेश आहे. त्या प्रकाशाची फळे कोणती? चांगुलपणा, नीतिमत्त्व आणि सत्य. चमत्कार वा दृष्टान्त ह्यांचा तेथे उल्लेखही नाही.

इफिस हे भरभराटीचे व्यापारी नगर होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथात सांगितले आहे की, तेथील नवश्रद्धावंतांनी आपली जादूटोण्याची पुस्तके सर्वांसमक्ष जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणी भरली. अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडविणारा देमेत्रिय धंदा बुडेल म्हणून खवळून उठला. श्रद्धा केवळ प्रार्थनेपुरती राहिली असती, तर त्याची झोप उडाली नसती. प्रकाश बाजारात शिरला, म्हणून गदारोळ झाला.

आपल्याकडे तो कोठवर शिरतो? नव्या घरांना आशीर्वाद देण्यासाठी माझे अनेकदा जाणे होते. अशाच एका घरी रोषणाई होती, मांडव होता. परंतु यजमानांची विवाहित बहीण दिसली नाही. वडिलांच्या पश्चात तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. “माहेर तुटू नये म्हणून सही केली, फादर. कागद वाचलासुद्धा नाही,” असे ती पुढे एकदा म्हणाली. मृत्युपत्र नसल्यास १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती मुलामुलींचा वाटा समान असतो. स्वखुशीने हक्क सोडणे हे औदार्य होय. मान खाली घालून, न वाचता केलेल्या सहीला ते नाव देता येणार नाही.

आपण अन्याय केला, असे त्या घरात कोणालाच वाटत नव्हते. अंधाराचे सामर्थ्य ह्यातच आहे. तो आपणांस दुष्ट बनवतोच असे नाही. आपले दुष्कृत्य आपल्याला दिसणार नाही, एवढी व्यवस्था मात्र तो चोख करतो. जमिनीच्या व्यवहारात अर्धी रक्कम कागदावर आणि अर्धी पिशवीतून, हाही त्याचाच संसार. आम्ही धर्मगुरूही ह्याला अपवाद नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती आवश्यक ठरविली आहे. दानपेटीचा हिशेब लोकांसमोर उघडा ठेवणे हीदेखील उपासनाच होय.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचे ‘राष्ट्रांचा प्रकाश’ हे शीर्षक ख्रिस्तसभेला नव्हे, तर स्वतः ख्रिस्ताला उद्देशून आहे. प्राचीन धर्मपित्यांनी ख्रिस्तसभेला चंद्राची उपमा दिली होती. चंद्राला स्वतःचे तेज नाही. त्याने केवळ सूर्याकडे तोंड करून राहायचे असते. आपणांसही तेजस्वी दिसण्याचा खटाटोप नको. बहिणीला शेजारी बसवावे, दिवा लावावा आणि सहीपूर्वी तो कागद मोठ्याने वाचावा. तिचे ‘हो’ अथवा ‘नाही’ शांतपणे ऐकावे. त्या घरावर मग रोषणाई नसली तरी चालेल.