गंजावरचा रंग

आम्ही तिघे तीर्थपुरीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. तिघेही बी.एड., तिघांनाही घरखर्चाची ओढाताण, आणि तिघांत मिळून एक मारुती ओम्नी. 2009 सालची ही व्हॅन आम्ही 2021 साली वर्गणी काढून एका दलालाकडून घेतली. सकाळी येताना वाटेतल्या वस्त्यांवरच्या पाच मुली आम्ही सोबत आणतो. भाडे घेत नाही. व्हॅन आली नाही तर मुली पायी येतील असे कुणाला वाटेल. पण त्या पायी येत नाहीत, घरीच राहतात. आठवीनंतर घरी राहिलेली मुलगी पुन्हा वर्गात दिसणे कठीण, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे.

2024 साली व्हॅनला पंधरा वर्षे झाली. नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातले पासिंग, करणे भाग होते. 1 एप्रिल 2022 पासून त्याचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले होते. एवढे पैसे भरायचे आणि गाडी नापास व्हायची, या भीतीने आम्ही ठरवले की आधी ती खालून-वरून रंगवून घ्यावी. वर्गणी काढून सहा हजार जमवले आणि अंबडच्या रस्त्यावरच्या मिस्त्री चाचांकडे गेलो.

चाचांनी गाडी वर उचलून खाली डोकावून पाहिले. ओम्नीला पुढे गोल स्प्रिंगा असतात आणि मागे कमानीसारखे पाटे. दलालाने गाडी देताना त्या सगळ्यांवर काळा रंग मारून दिला होता आणि आम्ही त्यावर खूश होतो. आता त्या रंगाचे पापुद्रे सुटले होते. आमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात चाकाच्या आत थापली जाते आणि ओल धरून ठेवते. त्यातच उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते उखडलेले. पाटे रोज मार खातात आणि चिखलात भिजत राहतात.

"चाचा, फिरसे काला मार दो," आम्ही म्हणालो.

"मास्टर साब, जंग के उप्पर रंग मारे तो जंग मरती क्या?"

उर्दूत गंजाला जो शब्द आहे तो 'ज़े' अक्षराने लिहितात आणि लढाईचा 'जीम'ने. पोरांनी यात चूक केली की आम्ही लाल शाई वापरतो. चाचांच्या दखनी बोलीत दोन्ही एकच होते. या वेळी आम्ही चूक काढली नाही.

मग खर्चाचा हिशेब मांडला. पहिला मार्ग स्वस्ताचा. सगळे खोलून तारेच्या ब्रशने गंज काढायचा, रेड ऑक्साईड लावायचे आणि वरून ऑइल पेंट. साहित्य 450 रुपये, खोलाई-जोडाईची मजुरी 1,800. हा रंग एक-दोन पावसाळे टिकतो. दुसरा मार्ग पावडर कोटिंगचा. त्यासाठी माल छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत न्यावा लागणार होता. आम्हाला सगळे मिळून 2,300 रुपये सांगितले. नेण्या-आणण्याचा खर्च आणि मजुरी वेगळी. भट्टीत स्प्रिंगचे पाणी उतरेल अशी आम्हाला शंका होती. पण ही पावडर साधारण 180 ते 200 अंशांवर भाजतात, आणि स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिल्यावर ते त्याहून बऱ्याच जास्त, सुमारे 400 अंशांच्या वरच्या तापमानाला पुन्हा तापवलेले असते. त्यामुळे तो धोका नाही. धोका असतो तो गॅसच्या ज्योतीत आणि वेल्डिंगमध्ये.

आमच्यातल्या एकाने मोबाईलवर क्रोम केलेल्या चकचकीत स्प्रिंगा पाहिल्या होत्या. चाचांनी हातच जोडले. "तेजाब में डाली हुई स्प्रिंग बिगर आवाज के टूटती." आम्ही घरी जाऊन पदवीचे पुस्तक उघडले. आम्लात आणि मुलामा देताना हायड्रोजन तयार होतो, तो कडक पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. म्हणूनच कारखान्यात मुलाम्यानंतर असा माल लगेच काही तास भट्टीत ठेवतात. न शिकलेल्या माणसाने सांगितलेले कारण आणि आमच्या पुस्तकातले कारण एकच निघाले.

"रंग कौनसा, ये बाद में," चाचा म्हणाले. "पहले नंगा करके देखेंगे."

दुसऱ्या दिवशी पाटे खोलून घासून झाले. खरवडलेल्या जागी गंजाने बारीक खड्डे पाडले होते. लवचीक पोलादावर ताण येतो तेव्हा तो अशाच खड्ड्यापाशी एकवटतो आणि तिथून तडा सुरू होतो. चाचांनी पाट्यांना डिझेल लावले, थोडा वेळ थांबून फडक्याने कोरडे पुसले आणि आमच्याकडे वळले.

"मास्टर, जेब में खडू है क्या?"

खडू होता. त्यांनी तो दगडावर चुरला आणि भुकटी पाट्यावर चोळली. आम्ही पाहत राहिलो. डाव्या बाजूच्या एका पाट्यावर, मधल्या बोल्टच्या छिद्राजवळ, पांढऱ्या भुकटीत एक बारीक ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेले डिझेल बाहेर येत होते. ती रेघ बोटभर लांब होती. दलालाच्या काळ्या रंगाने आम्हाला ती तीन वर्षे दिसू दिली नव्हती, आणि आम्ही तिच्यावर आणखी एक थर मारायला निघालो होतो.

आम्ही वाळूजचा विचार सोडला. नवा पाटा 900 रुपयांना आला. बाकीच्यांना रेड ऑक्साईड आणि ऑइल पेंट. पाटे एकमेकांवर घासतात म्हणून मधल्या बाजूला जाड रंग न देता ग्राफाइटचे ग्रीस. एकूण 3,150 रुपये लागले. व्हॅन पास झाली.

तडा गेलेला पाटा आम्ही शाळेत नेला आणि आठवीच्या वर्गात खडू-डिझेलचा तोच प्रयोग केला. मुलींनी रेघ मोजली. वस्तीवरून येणारी एक मुलगी पाट्यावरून बोट फिरवत होती. तिचे अम्मी-अब्बा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. व्हॅनमुळे ती आता आजीजवळ राहते आणि शाळेला येते.

"सर, इसका कोयता अच्छा बनता," ती म्हणाली. "अब्बा बोलते, पाटे की धार जल्दी नहीं जाती."

आम्ही "खरं आहे" म्हणालो आणि पाटा विज्ञानाच्या कपाटात ठेवला. तो ज्या चाकावरचा होता, त्याच्याच वरच्या सीटवर ती रोज बसते. हे मात्र आम्ही तिला सांगितले नाही.