वाटीभर खळ

दिवाळी जवळ आल्याची वर्दी प्रत्येक घरात निराळ्या वाटेने येते. कोणाला ती भाजणीच्या वासावरून कळते, कोणाला कापडदुकानातल्या गर्दीवरून, तर घरखर्च सांभाळणाऱ्या बिचाऱ्याला वाण्याच्या यादीच्या लांबीवरून. मला ती खळीच्या वासावरून कळते. मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत प्राप्ती बेताचीच. त्यामुळे घरी करता येईल ते विकत आणायचे नाही, हे आमच्या घराचे जुने धोरण आहे, आणि त्या धोरणाची सुरुवात स्वयंपाकघरात वाटीभर खळ शिजवण्यापासून होते.

खळ करणे ही फार मोठी विद्या नाही, पण तिलाही रीत आहे. दोन मोठे चमचे मैदा आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचा. गरम पाण्यात टाकलात की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मग मंद आचेवर ठेवून सारखे ढवळत राहायचे. पांढरे पाणी दाटून किंचित पारदर्शक दिसू लागले आणि चमच्याला धरू लागले की उतरवायचे. पुस्तके बांधणारे कारागीर हिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे कसर आणि झुरळे तिच्या वाटेला जात नाहीत. पण मोरचूद विषारी, आणि घरातली मुले खळीची बोटे तोंडात घातल्यावाचून राहणार नाहीत, तेव्हा आपण ते घालू नये. आपल्या कंदिलाला काही शंभर वर्षे जगायचे नसते. तुळशीच्या लग्नापर्यंत त्याने तग धरला म्हणजे झाले.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधून, त्यावर पतंगी कागद डकवून, करंज्या आणि झिरमिळ्या लावून केलेला आकाशकंदील हा या कलेतला ख्याल म्हणावा लागेल. तो सर्वांना जमतोच असे नाही. पण ज्यांना नुसते भजन म्हणायचे आहे त्यांच्यासाठी एक सोपा प्रकार आहे. घोटीव कागदाचा एक आयत घ्यावा आणि त्याच्या लांब कडा एकमेकींवर येतील अशी मधोमध घडी घालावी. घडीच्या बाजूने बोटबोट अंतरावर चिरा द्याव्यात, मात्र समोरच्या कडेच्या दोन बोटे अलीकडे कात्री थांबली पाहिजे. सगळे कसब या थांबण्यात आहे. मग घडी उलगडावी, कागद गोल वळवून त्याची दोन टोके खळीने जोडावीत आणि वरखालून हलकेच दाबावे. मधल्या पट्ट्या बाहेर फुगतात आणि कंदिलाला छान पोट येते. आत पिवळ्या कागदाची थोडी कमी उंचीची नळी बसवली की झाला कंदील. हल्लीचे एलईडीचे दिवे फारसे तापत नाहीत, त्यामुळे कागद करपण्याची पूर्वीची धास्तीही उरलेली नाही.

आमच्या शेजारी बँकेतले एक गृहस्थ राहतात. दर वर्षी आमची ही खटपट पाहून ते कठड्यावरून म्हणतात, "मास्तर, तुमचा वेळ फुकटचा, म्हणून हे परवडतं तुम्हांला!" हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे चुकत नाही. कागद, कामट्या, दोरा आणि चार माणसांच्या दोन संध्याकाळी एवढे सगळे मांडले तर बाजारचा कंदील स्वस्त पडतो. पण बाजारचा कंदील तरी आभाळातून पडलेला असतो थोडाच? मुंबईत माहीमला कंदील गल्ली आहे. दिवाळीच्या आधी तिथे घराघरांतून कंदील तयार होतात आणि गल्लीतच मांडून विकले जातात. तिथेही कोणीतरी कामट्या बांधत असते, कोणाच्या तरी बोटांना खळ लागलेली असते. तेव्हा प्रश्न घरच्या आणि बाजारच्या कंदिलाचा नाहीच. कंदील दोन्हीकडे हातांनीच होतो. तो कोणासाठी होतो, एवढाच काय तो फरक.

माझ्या या हौसेला घरात एक विरोधी पक्ष आहे. तो म्हणजे माझी आई. हाताच्या कामाचे मी फार कौतुक करू लागलो की ती ऐकून घेते आणि शेवटी एकच वाक्य बोलते, "हौस कसली रे? काही नव्हतं, म्हणून केलं."

तिच्या हातची एक वाकळ अजून आमच्याकडे आहे. १९७२ च्या दुष्काळात शिवलेली. तेव्हा ती नुकती लग्न होऊन या घरात आली होती. मराठवाड्यातली माणसे त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. आई दिवसा खडी फोडी आणि रात्री चिमणीच्या उजेडात वाकळ शिवी. वर सासूचे विटलेले लुगडे, खाली आजेसासूचे त्याहून विटलेले आणि मध्ये घरात जे जे धड उरले नव्हते ते सारे. धावदोऱ्याच्या ओळी मात्र नांगरलेल्या रानासारख्या, कडेने सुरू होऊन आत आत येत गेलेल्या. मागे एकदा शहरातल्या प्रदर्शनात अशीच एक गोधडी मी भिंतीवर टांगलेली पाहिली. तिची किंमत ऐकून मी चाट पडलो. घरी येऊन आईला सांगितले, तर ती म्हणाली, "भिंतीला थंडी वाजते होय?"

रुखवताचेही तेच. काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला, मण्यांची द्राक्षे, काचेच्या नळ्यांचे तोरण, लोकरीचा पोपट आणि क्रोशाचे रुमाल असा थाट मांडवात मांडलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. लग्नानंतर तो बंगला कुठे जातो हे आजवर कोणाला कळलेले नाही! पण ती मांडणी म्हणजे मुलीच्या हातांची परीक्षा असे, आणि त्या कामात हौस किती व धास्ती किती, हे त्या मुलीलाच ठाऊक. ज्याला विकत घेता येते त्याने हाताने केले की ती कला, आणि ज्याला घेता येत नाही त्याने केले की तो नाइलाज, असा एक हिशेब आपण मनाशी करून ठेवलेला असतो. आईच्या त्या एका वाक्यात या हिशेबावरचा राग आहे, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

शाळेत माझ्याकडे कार्यानुभवाचा तास असतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. आमचा हा तास त्या विचाराचा दूरचा नातू म्हणायला हरकत नाही. नातवाची प्रकृती जरा तोळामासाच आहे. परीक्षा जवळ आली की तो गणिताच्या पोटात गडप होतो. त्याच्या आधी दोनच वर्षे, १९३५ साली, साने गुरुजींची 'श्यामची आई' प्रसिद्ध झाली. तिच्यात पत्रावळ लावायला शिकण्यावर एक अख्खी रात्र खर्ची पडली आहे. पानाला पान जोडून चोयीने टाचायचे, एवढेच ते काम. पण ते यायलाच हवे असा त्या माउलीचा आग्रह होता. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा कागद, बांबू आणि माती यांना पुन्हा थोडे दिवस आले आणि आमच्या तासालाही जरासा भाव चढला.

दोन वर्षांपूर्वी त्याच तासाला घडलेली एक हकिगत सांगतो. आमच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि दसरा उलटला की गाड्या भरू लागतात. काही मुले आईबापांबरोबर जातात, काही गावात म्हाताऱ्यांपाशी राहतात. त्यामुळे दिवाळीआधीच वर्गातली काही बाके रिकामी होतात, आणि काही घरांत दिवाळी असते पण आईबाप नसतात.

मी प्रत्येकाला एकेक घोटीव कागद दिला होता आणि वर सांगितलेला कंदील करायला लावले होते. पाचवीतला एक मुलगा कागद पुढ्यात घेऊन नुसताच बसला होता. जवळ गेलो तर त्याने विचारले, "गुरुजी, याची घडी व्हईल का?"

"कंदिलाची घडी कशाला रे?"

"मायला द्यायचाय. परवा गाडी हाय."

त्याचा प्रश्न रास्त होता. भांडीकुंडी, धान्य, अंथरूण आणि कोयते यांनी गच्च भरलेल्या गाडीत पोट फुगलेला कागदी कंदील टिकायचा कसा? थोड्या वेळाने त्याची युक्ती त्यानेच काढली. कडा खळीने जोडायच्याच नाहीत. दोन्ही टोकांना तीन तीन भोके पाडायची आणि बुटाच्या नाडीसारखा दोरा ओवायचा. दोरा काढला की कागद सपाट, ओवला की कंदील. त्या तासाला मी त्याला काही शिकवले असे म्हणता येणार नाही. मी फक्त इतकेच म्हणालो की कोपी उसाच्या पाचटाची असते, आत दिवा लावू नका म्हणून आईला सांग.

"दिवा न्हाई लावायचा," तो म्हणाला. "नुसता दिसला तरी बास."

पुढे पाडव्याच्या सुमारास माणसे गावी परतली, आणि तो मुलगा वहीत घालून तो कंदील मला दाखवायला घेऊन आला. लाल रंग एका बाजूने उडाला होता आणि वरची कड धुराने काळवंडली होती. मधल्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या, आणि त्यांच्या जागी कॅलेंडरच्या पानातून कापलेल्या दोन पट्ट्या, तारखांसकट, चिकटवलेल्या होत्या. कोपीत खळ कुठली? भाताच्या शितांनी त्या बसवल्या होत्या. दुरुस्ती अर्थात त्याच्या आईने केलेली.

मी तो कंदील एका दिवसापुरता मागून घरी आणला आणि आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, त्या तारखांच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "शितं घोटून लावलीत. नुसती लावली असती तर गुठळी राहिली असती." मग थोडा वेळ थांबून, "ऊस तोडून आल्यावर बसली असंल ती हे करीत." तिने दोरा काढला, कंदिलाची त्याच्याच घडीवर घडी घातली आणि माझ्याकडे परत दिला. तिचे ते नेहमीचे वाक्य काही त्या दिवशी ऐकू आले नाही.

माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट घोळते आहे. वाकळ गरजेची होती, थंडी खरी होती. पण दिव्यावाचूनचा तो कंदील कोणाच्याच गरजेचा नव्हता. तो तुटला म्हणून कोणाचे काही अडणार नव्हते. तरीही दिवसभर राबलेल्या हातांनी भाताची चार शिते बाजूला काढली आणि तो सांधला. काही दिवसांनी मी घरची ती जुनी वाकळ पुन्हा उलगडून पाहिली. एका कोपऱ्यात लाल खणाचा चौकोनी तुकडा आहे, त्याला चारी बाजूंनी पिवळ्या दोऱ्याची बारीक दुहेरी शिवण आहे. उबेच्या दृष्टीने त्या तुकड्याचा काडीचाही उपयोग नाही. इतकी वर्षे ती वाकळ मी पांघरली, पण तो तुकडा माझ्या डोळ्यांत भरला नव्हता. आईला त्याबद्दल मी विचारले नाही. नाइलाजाच्या कामातही माणूस एखादा कोपरा आपल्या मर्जीसाठी राखून ठेवतो, आणि त्या कोपऱ्यावर गरिबीची सत्ता चालत नाही, एवढे मला उमगले.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत हाताने काही करून कोणाला द्यायचे मनात असेल, तर वस्तू आधी ठरवू नका, माणूस आधी ठरवा. आजोबांचा चष्मा सारखा हरवतो ना? खणाच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवा आणि तिला गळ्यात अडकवता येईल अशी नाडी लावा. बहीण दूरच्या गावी असेल तर आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा आणि सुकवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड मिसळून वस्त्रगाळ उटणे करा. टपालाने जाईल, फुटणार नाही. ओवाळणीची पाकिटे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची होतात. साध्या मातीच्या पणत्यांना बाहेरून गेरू द्यावा आणि तो वाळल्यावर तांदळाच्या पिठीत डिंकाचे पाणी घालून वर बारीक काडीने नक्षी काढावी. वारली घरांतून लग्नाच्या वेळी सवाष्णी भिंतीवर याच तांदळाच्या पिठाने चौक काढत आल्या आहेत. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ती चित्रे भिंतीवरून कागदावर आणली आणि जगापुढे ठेवली. त्यासाठी २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 

आणि यांतले काहीच जमले नाही, वेळच मिळाला नाही, तरी मनाला लावून घेऊ नका. खुशाल बाजारात जा आणि आवडेल तो कंदील विकत घ्या. फक्त रस्त्याच्या कडेला कंदील मांडून बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिच्या नखांकडे एकदा पाहा, खळ अजून वाळायची असेल.