दोष खाणाऱ्याचा की वाढणाऱ्याचा?

‘स्टार ट्रेक’ मालिकेचा २९ डिसेंबर १९६७ रोजी दाखवलेला ‘ट्रिबल्स’चा भाग हसवतो खरा, पण त्यातलं गणित पक्कं आहे. हे केसाळ, गुरगुरणारे गोळे जन्मतःच गाभण असतात. खायला मिळालं की वाढतात. धान्याच्या कोठारात शिरल्यावर तीन दिवसांत एकाचे १७,७१,५६१ होतात. म्हणजे मूळ दोष प्राण्याचा नाही, उघड्या कोठाराचा.

अंबरनाथ पश्चिमेत बसून हे पाहताना बदलापूरकडून कल्याणकडे वाहणारी उल्हास नदी आठवणारच. तिच्यातली जलपर्णीही मूळची परकी, दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी भारतात आणलेली. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. कोणी म्हणेल, यंत्रं लावून उपसा की! उपसायलाच हवी, पाणी आपण पितो. पण राहिलेल्या तुकड्याला नवे फुटवे येतात, गाळातलं बी वर्षानुवर्षं टिकतं. आणि तिचं कोठार, म्हणजे नाल्यांतून येणारं नत्र-स्फुरदयुक्त सांडपाणी, उघडंच. मालिकेतल्या अभियंत्याला उपद्रव निदान दुसऱ्याच्या जहाजावर ढकलता आला. आपल्याला सांडपाणी शुद्ध करूनच सोडावं लागेल. तोवर उपसा हा दरवर्षीचा खर्च आहे, उपाय नव्हे.