गोंदियाच्या बाजारातले घड्याळ

गोंदिया म्हटले की भाताच्या गिरण्या, तेंदूपत्ता आणि बिडी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा, आणि हावडा-मुंबई लाईनवरचे हे मोठे जंक्शन. तिरोडा, आमगाव, सालेकसा इकडची माणसे सकाळच्या गाडीने येतात, बाजार करतात आणि संध्याकाळी परततात. या बाजारात गेलो की आम्ही घड्याळ दुरुस्तीच्या टपरीपाशी थांबतोच. मोबाईल आल्यापासून अशा टपऱ्या कमी झाल्या, पण संपल्या नाहीत.

परवा तेथे एक तरुण उभा होता, राईस मिलमध्ये कामाला. मोबाईलवर एका परदेशी फॅशन कंपनीच्या घड्याळाचे चित्र दाखवून विचारत होता, "काकाजी, हे घेऊन जपून ठेवले तर पुढे भाव येईल का?" किंमत त्याच्या महिन्याच्या मजुरीहून जास्त. काकाजी काही बोलले नाहीत. दुरुस्तीला आलेल्या तसल्याच एका घड्याळाचे मागचे झाकण त्यांनी उघडले आणि भिंग त्याच्या हातात दिले. आतल्या मशीनवर नाव होते मियोटा.

मियोटा म्हणजे जपानच्या सिटिझन कंपनीचे मशीन. चांगले असते, वेळ बरोबर दाखवते. पण तसलेच मशीन कितीतरी स्वस्त घड्याळांतही बसवलेले असते. कपड्यांच्या कंपन्या बहुधा घड्याळे स्वतः करीत नाहीत. आर्मानी, मायकेल कोर्स या नावांची घड्याळे अमेरिकेची फॉसिल कंपनी परवान्यावर काढीत आली आहे. म्हणजे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते डायलवरच्या नावाचे! नवी फॅशन आली की जुना माल सवलतीत निघतो. बी.कॉम.ला शिकलेला घसारा आम्हाला येथे आठवला. आवडले तर जरूर घालावे, कष्टाच्या पैशातून एखादी हौस करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण पुढे भाव येईल म्हणून जमा करू नये.

गंमत अशी की याच सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोरला एचएमटीची घड्याळे बनू लागली. लग्नात किंवा निवृत्तीला मिळालेली चावीची 'जनता' आपल्याकडे कित्येक घरांत पेटीत पडून आहे. सतरा ज्वेलचे ते मशीन देशातल्या कारखान्यात तयार होई. त्याला सेल लागत नाही आणि ते दुरुस्त होते. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली, तेव्हापासून शौकीन ती शोधू लागले. त्यात फार पैसा आहे असे मात्र समजू नका. डायल पुन्हा रंगवून 'नवी' म्हणून विकलेली बाजारात पुष्कळ आहेत; भडक रंगाची तर बहुधा तसलीच. म्हणून घरात एखादे निघाले तर डायल पिवळी पडली असली तरी रंगवायला देऊ नका. साफसफाई, तेल, नवा पट्टा, एवढेच करून घ्या. चावी रोज सकाळी ठरल्या वेळी द्या आणि अडली की जोर लावू नका.