शिकारीची दुर्बीण

इंग्रजी वाङ्मय शिकवितां शिकवितां ज्याचे केस पिकले, अशा माणसानें शिकारीच्या दुर्बिणीविषयीं लिहावयास बसावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसहि वाटतें. आम्हीं जन्मांत बंदूक हातीं धरलेली नाहीं. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार ही आपल्या देशांत जुन्या माणसांच्या आठवणींत व भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांतच काय ती उरली आहे. तथापि गेल्या आश्विनांत आमच्या चुलत्यांनीं गांवच्या एका मुलाबरोबर एक पाकीट पाठविलें. आंत पांचशेंच्या तीस नोटा होत्या, आणि वहीच्या फाडलेल्या पानावर चार ओळी: "जुनी दुर्बीण आंधळी झाली. नवी घेऊन ये. शिकारीची पाहिजे, पोरांचें खेळणें नको. पैसे एवढेच आहेत. पदरचा रुपया घालूं नकोस. घातलास तर मला कळेल."

आमचे हे काका कोयनेच्या खोऱ्यांत राहतात. वय ऐंशीच्या पुढें. तरुणपणीं पाटण तालुक्याच्या पश्चिम भागांत त्यांच्या नेमाचा मोठा लौकिक होता. कायदा आला तेव्हां ते तिशीच्या घरांत होते. त्यांनीं चार दिवस आरडाओरड केली, पांचव्या दिवशीं बंदुकीस तेल लावून ती खुंटीवर ठेविली, आणि पुढें परवान्याची मुदत संपतांच सरकारजमा केली. दुर्बीण मात्र त्यांनीं सोडली नाहीं. ती लष्करी घडणीची, ७×५० ची, आणि वयानें त्यांच्याहूनहि वडील. बंदूक गेल्यावरहि रोज दिवेलागणीस शेताच्या वरच्या बांधावर बसून समोरच्या रानाकडे पाहण्याचा त्यांचा परिपाठ सुटला नाहीं. आम्ही सुटींत गांवीं जात असूं, तेव्हां ते म्हणत, "शिकार डोळ्यांनीं होते. बंदूक नुसती हमाल." त्यांच्या काडतुसांची एक वही होती. किती आणलीं, किती उडालीं, कशावर उडालीं, सर्व तींत लिहिलेलें असे. जीं फुकट गेलीं तीं लाल शाईनें. अशा माणसाच्या पंधरा हजार रुपयांचा हिशेब आमच्या गळ्यांत पडला होता.

पहिल्या प्रथम आम्हीं जो मूर्खपणा केला, तो सांगून टाकणेंच बरें. घरबसल्या मागविण्याची सोय असल्यामुळें आम्हीं ती वापरली. एक दुर्बीण अगदीं स्वस्तांत मिळत होती. तिच्यावर शिकारीची म्हणून स्पष्ट लिहिलें होतें, अंगावर पालापाचोळ्याची नक्षी होती, आणि शक्ति वीसपट! वीस म्हणजे आठाच्या अडीचपट चांगली, असें आमचें गणित. सज्जांत उभे राहून समोरच्या पिंपळाकडे पाहिलें, तों पिंपळ वाऱ्यावांचून थरथरत होता. वस्तु वीसपट मोठी दिसते तेव्हां हाताचा कंपहि वीसपट मोठा होतो, हें आमच्या ध्यानांत आलेंच नव्हतें. पानांच्या कडांस जांभळी किनार होती. आणि पांच मिनिटांत डोकें दुखूं लागलें, कारण दोन्ही नळ्या एका दिशेस पाहत नव्हत्या. ती दुर्बीण आम्हीं परत पाठविली. पालापाचोळ्याची नक्षी हरणास फसविण्यासाठीं नसून गिऱ्हाइकास फसविण्यासाठीं असते, एवढें ज्ञान पदरांत पडलें.

मग आम्हीं विद्यार्थ्यासारखे अभ्यासास लागलों. दुर्बिणीवर जे दोन आंकडे असतात, त्यांतला पहिला शक्तीचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्यें. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें म्हणजे जें उरतें, तें त्या दुर्बिणींतून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी दाखवितें. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखली, तर डोळ्याकडच्या भिंगांत उजेडाची एक लहान वाटोळी टिकली दिसते, तीच ही. काकांच्या ७×५० मध्यें ती सात मिलिमीटरांची. जनावर पहांटे आणि सांजेस बाहेर पडतें, म्हणून शिकाऱ्यास मोठी टिकली हवी, असा जुना नियम आहे. जर्मनींत रानडुकराची शिकार रात्रींहि करण्यास कायद्यानें मुभा आहे. तेथील शिकारी उंच मचाणावर बसून ८×५६ ची दुर्बीण वापरतात, तिचीहि टिकली सात मिलिमीटर. तेव्हां काकांसाठीं तसलीच घ्यावी, असें आम्हीं ठरवून टाकलें होतें.

परंतु उजेड डोळ्यापर्यंत आला, तरी डोळ्यानें त्यास आंत घ्यावयास हवें! आमचे एक नेत्रवैद्य स्नेही आहेत. त्यांस हें सांगतांच त्यांनीं आम्हांस अंधाऱ्या खोलींत बसविलें आणि आमच्या डोळ्याची बाहुली मोजली. ती पुरी पांच मिलिमीटरहि उमलत नव्हती. तरुणपणीं अंधारांत ही बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशींत बहुधा पांचाच्या आसपास राहते. ऐंशीनंतर साडेतीन मिळाली तरी पुष्कळ. आम्हीं घरीं येऊन कागदावर गणित मांडलें. साडेतीनाची बाहुली आणि सातपट शक्ति, म्हणजे काकांच्या पन्नास मिलिमीटरांच्या भिंगांतलें मधलें साडेचोवीस मिलिमीटरच त्यांच्या उपयोगास येत होतें. व्यास निम्मा, म्हणजे उजेड चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से बाहुलीच्या बाहेर पडून वायां जात होते. आणि त्या वायां जाणाऱ्या उजेडासाठीं ते किलोभर वजन रोज गळ्यांत वागवीत होते. स्वतःच्या डोळ्याचा आंकडा ऐकूनहि आम्हांस जरा चुकल्यासारखें झालें. आपले गुडघे म्हातारे होतात हें माणूस कबूल करतो; आपल्यासाठीं सांजच लवकर काळोखते, हें त्यास कोणी सांगत नाहीं.

आतां हिशेब सरळ झाला. हात कांपतात, म्हणून आठपटीहून अधिक शक्ति नको. साडेतीनाच्या बाहुलीस आठपटींत अठ्ठावीस मिलिमीटरांचें भिंग पुरतें. थोडी सोय ठेवून बत्तीस. ८×३२ ची टिकली चार मिलिमीटरांची, आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. ८×४२ ची सव्वापांच. तिच्यांत डोळा थोडा हलला तरी चित्र निसटत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु ती हातास जड. पुढचा प्रश्न चष्म्याचा. चष्मा लावून पाहणाऱ्याचा डोळा भिंगापासून दूर राहतो, म्हणून निदान पंधरा-सोळा मिलिमीटर अंतरावरून सबंध चित्र दिसेल अशी दुर्बीण हवी. नाहीं तर किल्लीच्या भोकांतून पाहिल्यासारखें होतें.

राहिला लोलकांचा प्रश्न. दुर्बिणींतलें उलटें चित्र सुलटें करण्याची इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाची युक्ति १८५४ ची. तिच्यावरून एर्न्स्ट आबे यांच्या देखरेखीखालीं झाइसच्या कारखान्यानें १८९४ मध्यें जी दुर्बीण काढली, तिचीच नात आमच्या काकांच्या गळ्यांत होती. या घडणींत दोन्ही नळ्या खांद्यांशीं रुंद असतात. ती बनविण्यास सोपी. म्हणून थोड्या पैशांत तिच्यांतून उत्तम चित्र मिळतें. सरळ नळ्यांच्या नव्या घडणींत लोलकाची एक धार अत्यंत अचूक लागते आणि तिच्यावर निराळे लेप द्यावे लागतात; ते नसले तर चित्र मऊ पडतें. पैसे बेताचे असतील तर जुनी घडण घ्यावी, हा शहाण्यांचा सल्ला आहे, आणि कोरड्या मुलुखांत आम्हीं तोच मानला असता. परंतु कोयनेचा पाऊस हजारों मिलिमीटरांनीं मोजतात. काकांची दुर्बीण आंधळी झाली ती बुरशीनें. आंतल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी ती पसरली होती. जुन्या घडणीच्या बहुतेक स्वस्त दुर्बिणींत हवा शिरते. म्हणून सरळ नळ्यांची, नायट्रोजन भरून बंद केलेली आणि लोलकांवर ते लेप असलेलीच घेणें भाग होतें. भिंगांवरच्या लेपांचीहि तीच गोष्ट. उघड्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शेंकडा चार इतका उजेड परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग आले म्हणजे तिसरा हिस्सा वाटेंतच हरवतो. हा उजेड वांचविणारा लेप अलेक्सांडर स्माकुला यांनीं झाइसमध्यें १९३५ च्या सुमारास शोधून काढला. शंभर रुपये जास्त द्यावयाचे तर ते लेपासाठीं द्यावे, शक्तीसाठीं नव्हे.

एवढी विद्या घेऊन आम्हीं मुंबईस कोटांतल्या एका दुकानीं गेलों, आणि मुद्दाम संध्याकाळीं गेलों. भर दुपारीं सर्व दुर्बिणी सारख्याच चांगल्या दिसतात. दुकानदार सज्जन होता. त्यानें आम्हांस पायरीवर उभें राहून समोरच्या कमानीखालच्या काळोखांत पाहूं दिलें. तेथें एक हातगाडी उभी होती. एका दुर्बिणींतून गाडी दिसली, दुसरींतून गाडीचीं चाकें, तिसरींतून चाकाच्या आऱ्या. एकींतली टिकली वाटोळी नसून चारी बाजूंनीं कापल्यासारखी होती; तिचे लोलक हलके, म्हणून ती बाजूस गेली. शेवटीं दोन उरल्या. एक ८×३२ ची, तेरा हजार चारशें रुपयांची. दुसरीहि तेवढ्याच मापाची, पण बावीस हजारांची. आणि खोटें कां बोला, ती अधिक चांगली होती. तिच्यांतून चाकाच्या आऱ्यांवरचा रंग उडालेलाहि दिसत होता.

सात हजारांचा प्रश्न होता. ते आमच्यापाशीं होते. काकांस बाजारभाव ठाऊक नव्हता. पावती हरवली म्हणून सांगितलें असतें तर झालें असतें. ज्यांच्या खांद्यावर बसून आम्हीं पहिला सांबर पाहिला, त्यांच्यासाठीं एवढें केलें तर त्यांत पाप तें काय? आम्हीं पायरीवर बराच वेळ उभे होतों. पण ती लाल शाईची वही डोळ्यांपुढून हलेना. त्यांनीं आमच्याकडे दुर्बीण मागितली होती, दान मागितलें नव्हतें. त्यांच्या पैशांत जी उत्तम येईल ती निवडण्याचें काम त्यांनीं आमच्यावर सोंपविलें होतें, आणि तो भरंवसा आम्हीं सात हजारांस विकत घेऊन बुडविला असता. आम्हीं तेरा हजार चारशेंची घेतली, पावती घेतली, आणि सोळाशें रुपये त्याच पाकिटांत परत ठेविले.

मार्गशीर्षांत आम्हीं गांवीं गेलों. काकांनीं दुर्बीण तळहातावर तोलली आणि म्हणाले, "एवढीशी?" आम्हीं बाहुलीचें सर्व गणित त्यांस सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, पावती वाचली, सोळाशें मोजले, आणि कांहीं न बोलतां बांधाकडे निघाले.

सूर्य डोंगराआड गेला होता. समोरच्या रानाची कड आम्हांस काळ्या पट्ट्यासारखी दिसत होती. काका बराच वेळ पाहत होते. मग कुरकुरले, "डावी नळी धुकट आहे. फसवलें तुला." आमच्या पोटांत धस्स झालें. आम्हीं पाहिलें, दोन्ही नळ्या आम्हांस स्वच्छ दिसल्या. तेव्हां आम्हांस एक युक्ति सुचली. दुर्बीण उलथी धरली, म्हणजे डावी नळी उजव्या डोळ्यापुढें येते, पण चित्र सुलटेंच राहतें. "काका, आतां अशी धरून पाहा." त्यांनीं तशी धरली. दोष नळीचा असता तर धुकें आतां उजवीकडे गेलें असतें. तें डावीकडेच राहिलें.

काकांनीं दुर्बीण खालीं घेतली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू चार वर्षांपूर्वीं काढला होता. डावा चांगला आहे, असें ते सर्वांस सांगत आले होते. पुष्कळ वेळानें ते म्हणाले, "म्हणजे जुनीचाहि सगळाच दोष बुरशीचा नव्हता." आम्हीं गप्प राहिलों. त्यांनीं पुन्हां दुर्बीण उचलली आणि एका डोळ्यानें पाहूं लागले. "सात आहेत," ते हळूच म्हणाले. आम्हीं दुर्बीण घेतली. रानाच्या कडेस गवे चरत होते. आम्हीं दोनदां मोजले, सहाच भरले. "करवंदीच्या जाळीमागें बघ. नुसता कान हलतोय." आम्हीं पाहत राहिलों, आणि थोड्या वेळानें तो कान आम्हांसहि दिसला.

परत येतांना त्यांनीं तें पाकीट आमच्या हातीं दिलें. "हे सोळाशें डाव्या डोळ्याच्या तपासणीस ठेव. कऱ्हाडला केव्हां न्यायचें तें तूंच ठरव. वरचे लागतील ते माझे मी देईन."

माघांत शस्त्रक्रिया झाली. काका आतां दोन्ही नळ्यांविषयीं संतुष्ट आहेत. दुर्बिणीची पावती त्यांनीं काडतुसांच्या जुन्या वहींत ठेविली आहे. शेजारीं रक्कम लिहिली आहे, आणि ती काळ्या शाईनें लिहिली आहे.